संगणकातील दप्तरदार : फाइल एक्सप्लोररच्या नव्या सोयी

पेढीवरचा कागद नुसता जपून ठेवला म्हणजे काम झाले असे नाही. तो मागितल्या वेळी हाती आला पाहिजे. जुन्या काळी बासने बांधून, रुमालात गुंडाळून, वर चिठ्ठी लावून दप्तर लावीत असत, ते ह्याच हेतूने. पुण्याच्या पेशवे दप्तराचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. कागद रुमालांत सुखरूप होते. परंतु रियासतकार सरदेसाई ह्यांनी १९३० ते १९३४ ह्या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तेव्हाच त्यांतील पुष्कळ मजकूर अभ्यासकांच्या उपयोगी पडू लागला. आज आपल्या बहुतेक दुकानांतील दप्तर संगणकात गेले आहे. बिले, पावत्या, ई-वे बिले, बिल्ट्यांची छायाचित्रे, बँकेचे उतारे, व्यापाऱ्यांची पत्रे, सगळे तेथेच. ह्या दप्तराची मांडामांड ज्या प्रोग्रॅमकडे असते त्याचे नाव फाइल एक्सप्लोरर. पडद्याच्या तळाशी पिवळ्या फोल्डरचे चित्र असते, ते दाबले की जी खिडकी उघडते ती हीच. दिवसातून पन्नास वेळा आपण ती उघडतो. पण तिच्यात काय बदलले ह्याची चौकशी फारसे कोणी करीत नाही.

चौकशी करण्याची वेळ मात्र आली आहे. विंडोज १० ह्या प्रणालीस मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यामुळे अनेक पेढ्यांवर जुने संगणक बदलून विंडोज ११ असलेले नवे संगणक बसविले गेले, आणि मुनिमांच्या तक्रारी सुरू झाल्या : नेहमीची कळ सापडत नाही, उजव्या बटणाने उघडणारी यादी निराळीच दिसते, आलेले बिल उघडण्याआधी डोकावून पाहता येत असे ते आता येत नाही. ह्यांतील काही तक्रारी नुसत्या सवयीच्या आहेत. काहींच्या मागे मात्र आपल्या पैशाशी व प्रतिष्ठेशी संबंध असलेली कारणे आहेत, आणि ती समजून घेणे अगत्याचे आहे.

थोडा पूर्वेतिहास सांगतो. विंडोजच्या १९९० सालच्या ३.० ह्या आवृत्तीत ‘फाइल मॅनेजर’ नावाचा प्रोग्रॅम आला. त्या काळी फाइलीचे नाव आठ अक्षरांचे, आणि पुढे टिंब देऊन प्रकार दाखविणारी तीन अक्षरे, एवढेच ठेवता येई. व्यापाऱ्याचे नाव, गाव आणि साल आठ अक्षरांत बसविण्याची कसरत ज्यांनी केली असेल त्यांस ती आजही आठवत असेल. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आली, तिने फाइल मॅनेजरच्या जागी ‘विंडोज एक्सप्लोरर’ आणला आणि लांब नावांची मुभा दिली. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये त्याचे नाव ‘फाइल एक्सप्लोरर’ झाले व माथ्यावर कळांची रुंद पट्टी आली. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ निघाली तेव्हा ती पट्टी काढून मोजक्या चिन्हांची अरुंद ओळ ठेवण्यात आली. गंमत अशी की, १९९० सालच्या त्या मूळ फाइल मॅनेजरची रचना मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१८ मध्ये सर्वांस खुली केली, आणि हौशी लोक तो आजच्या संगणकावरही चालवितात. जुन्या मुनिमाची सवय सुटत नाही, हे केवळ आपल्याच पेढीवरचे लक्षण नव्हे.

आता नव्या सोयींकडे वळू. सर्वांत उपयोगी सोय म्हणजे टॅब. खतावणीच्या पानांच्या कडेला आपण खुणेच्या पट्ट्या चिकटवितो आणि बोटाने हवे ते खाते उघडतो, तसाच हा प्रकार आहे. पूर्वी तीन फोल्डर एकदम पाहावयाचे तर तीन खिडक्या उघडाव्या लागत, आणि त्या एकमेकींवर पडून गोंधळ होई. आता एकाच खिडकीच्या माथ्यावर तिन्ही फोल्डरांच्या पट्ट्या दिसतात. ॲपल कंपनीच्या संगणकांवर ही सोय २०१३ पासून होती. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली तशा धर्तीचा एक प्रयोग करून तो सोडून दिला, आणि अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये विंडोज ११ च्या सुधारित आवृत्तीत टॅब दिले. कंट्रोल आणि टी ह्या कळा एकदम दाबल्या की नवा टॅब उघडतो, कंट्रोल आणि डब्ल्यू दाबल्या की समोरचा मिटतो, आणि कंट्रोल व टॅब ह्या कळांनी एकातून दुसऱ्यात जाता येते. टॅबवर उजवे बटण दाबून त्याचीच दुसरी प्रत उघडण्याची तजवीजही पुढे झाली.

व्यवहारात ह्याचा उपयोग कसा होतो ते पाहा. दर महिन्याच्या १४ तारखेस वस्तू व सेवा कराच्या संकेतस्थळावर जीएसटीआर-२बी हे विवरण तयार होते. आपण ज्यांच्याकडून माल घेतला त्यांनी आपल्या नावे कोणती बिले दाखविली आहेत ते त्यात असते; आणि जे बिल तेथे दिसत नाही त्यावरील कराची वजावट आपणास घेता येत नाही. म्हणजे दर महिन्यास ते विवरण एका बाजूस आणि खरेदीची बिले दुसऱ्या बाजूस घेऊन ताळा करणे हे प्रत्येक पेढीचे अटळ काम होऊन बसले आहे. उतरवून घेतलेले विवरण ‘डाउनलोड्स’ ह्या फोल्डरात पडते, खरेदीची बिले आपल्या ठरावीक फोल्डरात असतात, आणि मागील महिन्यात न जुळलेली बिले तिसरीकडे. हे तिन्ही फोल्डर एका खिडकीत तीन टॅब करून ठेवावे. बिल जुळले की ते धरून दुसऱ्या टॅबच्या पट्टीवर न्यावे, क्षणभर थांबावे, तो फोल्डर उघडेल, तेथे सोडावे. बेळगावच्या पेढीला हुबळी-धारवाडची विक्री एका रकान्यात आणि कोल्हापूर-सांगलीची दुसऱ्या रकान्यात धरावी लागते, कारण राज्याची हद्द ओलांडली की कर निराळा लागतो. असे दोन्हींकडचे कागद सतत हाताळणाऱ्यांस ही सोय विशेष मानवेल.

येथे एक इशारा दिला पाहिजे, कारण नव्या सोयीमुळे जुना धोका वाढला आहे. फाइल धरून दुसरीकडे नेली असता ती ‘हलते’ की तिची ‘नक्कल’ होते, हे ती कोठून कोठे नेली ह्यावर अवलंबून असते. एकाच डिस्कच्या आत नेली तर मूळ जागेवरून हलते. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर, समजा संगणकातून पेन ड्राइव्हवर, नेली तर मूळ जागी राहून तिची नक्कल होते. हा नियम फार जुना आहे, तरी तो न कळल्यामुळे ‘बिल नाहीसे झाले’ अशी ओरड आजही होते. बिल नाहीसे झालेले नसते. शेजारच्या टॅबमध्ये गेलेले असते. नक्कलच हवी असेल तर फाइल सोडताना कंट्रोल कळ दाबून ठेवावी. हलवावयाची असेल तर शिफ्ट. ह्याहून सोपा उपाय असा की, डाव्याऐवजी उजव्या बटणाने फाइल धरून न्यावी. म्हणजे सोडताना संगणक स्वतःच विचारतो की नक्कल करू की हलवू. आणि चूक झालीच तर घाबरून भलतीकडे शोधत बसू नये. लगेच कंट्रोल आणि झेड दाबावे, फाइल पूर्वीच्या जागी येते.

संगणक बंद करून दुसऱ्या दिवशी उघडला की कालचे सगळे टॅब गेलेले असत. ही उणीवही २०२५ मध्ये दूर झाली. ‘ऑप्शन्स’ मधील ‘व्ह्यू’ ह्या विभागात आधीच्या खिडक्या पुन्हा उघडण्याची जी खूण आहे, ती केली असता आता खिडकीबरोबर तिच्यातील टॅबही परत येतात.

उजव्या बटणाच्या यादीविषयी थोडेसे. विंडोज ११ निघाली तेव्हा कापणे, नक्कल करणे, चिकटविणे, नाव बदलणे, काढून टाकणे ह्या नित्याच्या क्रियांची अक्षरे काढून त्यांच्या जागी नुसती चित्रे ठेवण्यात आली. कात्री म्हणजे कापणे हे समजते; पण बाकीची चित्रे पाहून पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने काय समजावे? माझ्या मते हा बदल अविचाराचा होता, आणि कंपनीसही ते पटले असावे, कारण ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेल्या आवृत्तीत त्या चित्रांखाली पुन्हा शब्द छापले गेले. जुनी लांबलचक यादीच हवी असेल तर ‘शो मोअर ऑप्शन्स’ ह्या शेवटच्या ओळीवर जावे, अथवा शिफ्ट कळ दाबून ठेवून उजवे बटण दाबावे. ती जशीच्या तशी समोर येते.

बांधलेल्या गठ्ठ्यांविषयीही सुधारणा झाली आहे. कर सल्लागाराकडे शंभर बिले एकेक करून पाठविण्याऐवजी त्यांचा झिप नावाचा एक गठ्ठा करून पाठविण्याची पद्धत आता रूढ आहे. तथापि समोरून कधी आरएआर, कधी सेव्हन-झेड अशा निराळ्या बांधणीचा गठ्ठा येई आणि तो सोडविण्यास वेगळा प्रोग्रॅम शोधावा लागे. असे प्रोग्रॅम शोधता शोधता कोठून तरी फुकट मिळालेला, आतून भलतेच काही करणारा प्रोग्रॅम संगणकात शिरत असे, हे अधिक वाईट. सप्टेंबर २०२३ पासून ह्या प्रकारचे गठ्ठे फाइल एक्सप्लोरर स्वतः उघडू लागला, आणि २०२४ च्या आवृत्तीत सेव्हन-झेड व टार ह्या पद्धतीने गठ्ठे बांधण्याचीही सोय झाली. आरएआर मात्र तो फक्त सोडवितो, बांधीत नाही. आणखी एक लक्षात ठेवावे : त्याने बांधलेल्या गठ्ठ्यास कुलूप, म्हणजे गुप्त शब्द, घालता येत नाही. बँकेचे उतारे किंवा भागीदारीचे करारपत्र कुलपाशिवाय पाठविणे ज्यांस पसंत नसेल त्यांनी ह्या एका कामासाठी खात्रीचा वेगळा प्रोग्रॅम ठेवावा.

आता ज्या तक्रारीमुळे हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येतो. एक्सप्लोररच्या उजव्या अंगास एक कप्पा उघडता येतो. डावीकडे फाइलीच्या नावावर नुसते उभे राहिले की त्या कप्प्यात आतील मजकूर दिसतो. फाइल उघडावी लागत नाही. ज्याच्याकडे दिवसाला चाळीस बिले येतात त्याच्या दृष्टीने हा कप्पा म्हणजे मोठाच आधार. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ च्या सुरक्षा सुधारणेनंतर टपालाने आलेल्या अथवा आंतरजालावरून उतरवून घेतलेल्या फाइलींचा मजकूर त्या कप्प्यात दिसेनासा झाला. त्याऐवजी ही फाइल संगणकास अपायकारक असू शकते, तिच्यावर व पाठविणाऱ्यावर विश्वास असेल तर ती उघडून पाहावी, अशा अर्थाची इंग्रजी सूचना येते. संगणक बिघडला असे समजून कारागीर बोलाविण्याचे कारण नाही. बदल मुद्दाम केलेला आहे, आणि योग्य आहे.

त्यामागचे तत्त्व असे. बाहेरून आलेल्या प्रत्येक फाइलीवर विंडोज एक अदृश्य मोहोर उमटविते, की हा कागद आंतरजालावरून आला आहे. हजेरीपत्रकावर ‘बाहेरगावचा’ असा शेरा मारावा तसे. काही फाइलींच्या पोटात दुसऱ्या कोणाच्या संगणकाचा पत्ता दडविलेला असू शकतो. मजकूर दाखविण्याच्या निमित्ताने आपला संगणक त्या पत्त्यावर जातो आणि शिष्टाचार म्हणून आपली ओळख सांकेतिक रूपात पुढे करतो. पलीकडे लबाड माणूस बसलेला असेल तर तो ती ओळख टिपून घेतो आणि तिच्या आधारे आपला गुप्त शब्द हुडकण्याचा, किंवा आपल्या नावाने दुसरीकडे शिरण्याचा प्रयत्न करतो. येथे विशेष हे की, आपण फाइल उघडलेलीसुद्धा नसते. कप्प्यात नुसते डोकावलेले असते. दारावरच्या अनोळखी माणसास आत न घेता नुसते खिडकीतून पाहावे, आणि तेवढ्यात त्याने आपल्या किल्लीचा ठसा घ्यावा, अशातला हा प्रकार. म्हणून मोहोर असलेल्या फाइलीचे डोकावणेच बंद करण्यात आले.

ओळखीच्या व्यापाऱ्याचे बिल असेल आणि ते कप्प्यात पाहणे सोयीचे वाटत असेल तर त्या फाइलीवर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. तळाशी ‘अनब्लॉक’ असा चौकोन असतो, त्यात खूण करून मान्य करावे. मोहोर पुसली जाते. कधी कधी त्याचा परिणाम संगणकात पुन्हा प्रवेश केल्यावरच दिसतो. सगळ्याच फाइलींची मोहोर सरसकट पुसून टाकण्याच्या युक्त्या सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्या नादी लागू नये.

ह्याच्याशी निगडित दुसरी गोष्ट, जी नवी नाही पण नव्या संगणकावर प्रत्येकाने पहिल्याच दिवशी करावी. फाइलीच्या नावापुढे टिंब देऊन तिचा प्रकार लिहिलेला असतो. विंडोज तो मुळातच झाकून ठेवते. ह्याचा फायदा घेऊन एखाद्या घातक प्रोग्रॅमला ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ असे नाव देतात. शेवटचा भाग झाकलेला असल्यामुळे आपणास दिसते ‘बिल.पीडीएफ’, आणि चित्रही तसेच बसविलेले असते. बिल समजून मुनीम ते उघडतो, आणि प्रोग्रॅम चालू होतो. खंडणीसाठी पेढीच्या सर्व फाइली कुलूपबंद करणारे प्रोग्रॅम ज्या वाटांनी शिरतात त्यांत ही एक ठळक वाट आहे. विंडोज ११ मध्ये वरच्या ओळीतील ‘व्ह्यू’, त्यात तळाशी ‘शो’, त्यात ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ ही खूण केली की प्रत्येक फाइलीचे पूर्ण नाव दिसू लागते. ह्यास अर्धा मिनिट लागतो. बिल म्हणून आलेल्या कागदाच्या शेवटी ईएक्सई ही अक्षरे दिसली तर तो कागद नव्हे.

एक्सप्लोरर उघडताच समोर येते त्या पानास आता ‘होम’ म्हणतात. वर आपण मुद्दाम टाचून ठेवलेले फोल्डर आणि खाली अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी. यादी सोयीची खरी. परंतु गल्ल्याशेजारी संगणक असतो, पलीकडे गिऱ्हाईक उभे असते, आणि यादीत दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या भावाचे पत्रक किंवा उधारीचा तक्ता नावानिशी झळकत असतो. असे ज्यांच्याकडे होत असेल त्यांनी ‘ऑप्शन्स’ मधील ‘प्रायव्हसी’ ह्या भागात अलीकडच्या फाइली दाखविण्याची खूण काढून टाकावी. टाचलेले फोल्डर राहतात, यादी जाते. डावीकडे ‘गॅलरी’ म्हणून छायाचित्रे तारखेवार दाखविणारा नवा कप्पाही आला आहे. मालाची व बिल्ट्यांची छायाचित्रे ठेवणाऱ्यांस तो आवडेल, इतरांनी त्याच्याकडे दुर्लक्ष करण्यास हरकत नाही.

वनड्राइव्हविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. नवा संगणक मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केला की ‘डेस्कटॉप’, ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’ हे तीन फोल्डर पुष्कळदा आपोआप कंपनीच्या दूरस्थ साठ्याशी, म्हणजे वनड्राइव्हशी, जोडले जातात. मालकाने ‘पुढे, पुढे’ असे दाबीत संगणक सुरू केलेला असतो. त्यामुळे आपले कागद कोठे आहेत ह्याची त्यास कल्पना नसते. फाइलीच्या नावाशेजारी चिन्हे दिसतात, ती वाचावयास शिकावे. ढगाचे चित्र असेल तर ती फाइल आपल्या संगणकात नाही, दूरच्या साठ्यात आहे. आंतरजाल बंद असताना ती उघडणार नाही. हिरवी खूण असेल तर ती येथेही आहे. कर अधिकारी समोर बसले असताना आणि जोडणी तुटलेली असताना सगळी बिले ढगाच्या चित्राची निघाली, तर काय अवस्था होईल ह्याची कल्पना प्रत्येकाने करावी. ज्या फोल्डराचे काम पडणारच त्यावर उजवे बटण दाबून ते नेहमी ह्या संगणकावर ठेवावे अशी आज्ञा देता येते. ती देऊन ठेवावी.

फुकट मिळणारी जागा ५ जीबी असते. ती भरली की नवे कागद वर जाणे थांबते, आणि सूचना येत असली तरी तिच्याकडे लक्ष जात नाही. वनड्राइव्ह म्हणजे सुरक्षित प्रत, असा समज असलेल्या माणसाचे मागील चार महिन्यांचे कागद मुळी वर गेलेलेच नसतात. दुसरे असे की, वनड्राइव्ह ही वेगळी ठेवलेली प्रत नव्हे, तो आरसा आहे. येथे फाइल काढून टाकली की तेथूनही जाते. वैयक्तिक खात्यात काढून टाकलेली फाइल तेथील टोपलीत ३० दिवस राहते. त्या मुदतीत लक्षात आले तर परत आणता येते. म्हणून महिन्यातून एकदा सर्व दप्तराची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि नक्कल झाली की ती डिस्क संगणकापासून काढून तिजोरीत ठेवावी. जोडून ठेवलेली डिस्क खंडणीवाल्या प्रोग्रॅमच्या तडाख्यातून सुटत नाही. हिशेबाच्या प्रोग्रॅमचा चालू साठा मात्र ह्या तीन फोल्डरांत ठेवूच नये. एकीकडे खतावणी लिहिली जात असताना दुसरीकडे तिची नक्कल वर जात राहिली तर साठा बिघडण्याचा संभव असतो.

काढून टाकण्याविषयी आणखी एक बारकावा. संगणकातील फाइल डिलीट केली तर ती रिसायकल बिन ह्या टोपलीत जाते. पण पेन ड्राइव्हवरील किंवा दुकानातील दुसऱ्या संगणकाच्या सामाईक फोल्डरातील फाइल डिलीट केली तर ती टोपलीत जात नाही, ती कायमचीच जाते. शिफ्ट दाबून डिलीट केले तरीही तसेच. ज्या पेढीवर एका संगणकावर दप्तर आणि तीन संगणकांवरून काम अशी व्यवस्था आहे, तेथे ही गोष्ट सर्वांच्या कानावर घालावी.

आणि कागद किती काळ जपावयाचे? वस्तू व सेवा कराच्या कायद्याच्या ३६ व्या कलमान्वये वार्षिक विवरण भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. २०२१-२२ ह्या वर्षाच्या वार्षिक विवरणाची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२२ होती. म्हणजे त्या वर्षाचे कागद ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत राखणे प्राप्त आहे. एखादे अपील किंवा चौकशी चालू असेल तर तिचा निकाल लागल्यापासून एक वर्ष, ह्यांत जी मुदत पुढची असेल ती धरावी. ज्यांची पेढी कंपनी म्हणून नोंदलेली आहे त्यांस कंपनी कायद्याप्रमाणे आठ वर्षांची वहीखाती ठेवावी लागतात. जागा होत नाही म्हणून जुने फोल्डर काढून टाकणाऱ्यांनी आधी हा हिशेब करावा.

इतकी वर्षे कागद राखावयाचे तर नावे विचारपूर्वक दिली पाहिजेत. फाइलीच्या नावात आधी साल, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवला, म्हणजे ‘२०२५-०४-१२’ असे लिहून पुढे व्यापाऱ्याचे नाव, तर एक्सप्लोरर आपोआप तारखेप्रमाणे ओळ लावतो. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या पहिल्या तारखा एकत्र येतात. आकडे तो किमतीप्रमाणे लावतो, त्यामुळे बिल २ हे बिल १० च्या आधीच येते. मागे शून्ये जोडण्याची गरज नाही.

मराठीत नावे देण्यास कोणतीही अडचण नाही, आणि ती द्यावीत असेच मी म्हणेन. मुनिमाला वाचता येईल ते नाव चांगले. फक्त दोन गोष्टी जाणून असाव्यात. जुन्या मराठी टंकांत लिहिलेली पत्रे पडद्यावर मराठी दिसली तरी संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच असतात, त्यामुळे त्यांतील मराठी शब्द शोधून सापडत नाहीत. युनिकोडमध्ये लिहिलेली सापडतात. दुसरी गोष्ट लांबीची. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, असे करीत गेले की फाइलीचा संपूर्ण पत्ता लांबत जातो, आणि सुमारे २६० अक्षरांची जुनी मर्यादा एक्सप्लोररमध्ये अजूनही आडवी येते. फाइल हलविताना ‘नाव फार लांब आहे’ अशी सूचना येते, ती ह्यामुळे. आता ‘क्षेत्र’ हा शब्द आपल्या डोळ्यांस दोन अक्षरांचा दिसतो; संगणक मात्र क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र अशी सात मोजतो. म्हणजे देवनागरी नाव दिसते त्याहून कितीतरी लांब असते. तशी सूचना आलीच तर फाइलीचे नाव छाटीत बसू नये. सर्वांत वरच्या फोल्डराचे नाव आखूड करावे, म्हणजे आतील सगळ्या कागदांचे पत्ते एकदम आखूड होतात.